बाबांची सिगरेट सोडवायची आहे, घरच्यांनी नेमकं काय करावं?

भांडुपकरीण
नमस्कार मंडळी. बाबा ६१ वर्षांचे, रिटायर. दिवसाला दहा-बारा सिगरेटी. बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले बंद करा, बाबा म्हणाले "बघू". या खेपेचं "बघू" जरा खरं वाटतंय, कारण हल्ली जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं.
खरी अडचण सकाळची. चहा, सिगरेट, मग संडास. हा क्रम मोडला की पोट साफ झालं नाही म्हणून दिवसभर घर डोक्यावर. दुसरी अडचण खालची टपरी आणि तिथली मित्रमंडळी. आई मागे लागते, त्याने उलट वाढते.
बजेट महिन्याला दीड हजार, त्यावर जमणार नाही. केंद्रात वगैरे भरती करायचं नाहीये.

रोखठोक_गिरगाव
मी २००९ ला सोडली. गम नाही, गोळी नाही, समुपदेशन नाही. पाकीट गॅलरीतून खाली फेकलं, विषय संपला. स्पष्ट बोलतो, तुमच्या बाबांची इच्छाच नाहीये.

सौ_मंजिरी
निकोटिन गम घ्या, आमच्या ह्यांना त्यानेच फरक पडला. फक्त साध्या च्युइंगगमसारखं चघळायचं नाही. दोन-चारदा चावायचं, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चुणचुण गेली की परत चावायचं. आमचे हे पहिल्याच दिवशी कचाकचा चावून तासभर उचक्या देत बसले होते. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नको, नाहीतर निकोटिन अंगात उतरतच नाही.

पनवेलचा_पाहुणा
एकच उपाय, निसर्गोपचार. कर्जतच्या बाजूला एक ठिकाण आहे, २१ दिवस, साधारण चाळीस हजार. माझे मेहुणे जाऊन आले, माणूस बदलला. पैशाकडे बघू नका, बाप एकच असतो.

भांडुपकरीण
दादा, बजेट वर लिहिलंय. आणि भरती नको हेही.

पनवेलचा_पाहुणा
हप्त्यांची सोय आहे तिथे.

हार्बरवाला
व्हेप द्या की. धूर नाही, वास नाही. माझा मित्र दुबईहून आणतो.

कट्टेकरी
@हार्बरवाला, २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटची विक्री, आयात, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. ६१ वर्षांच्या माणसाला कशाला नवीन लफड्यात टाकताय?
अवांतर: महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्टी सिगरेट विकायलाही बंदी आहे. आमच्या नाक्यावर बरणीत लावून विकतात.

हार्बरवाला
तुमच्याच म्हणण्याप्रमाणे बंदी आहे आणि मिळतंय. मग व्हेपनेच काय घोडं मारलंय?

कट्टेकरी
वा, काय तर्क आहे.

परळची_सिस्टर
नोकरीत हेच बघते म्हणून सविस्तर लिहिते.
संडासची तक्रार खरी आहे, कोणी थट्टा करू नका. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठता होते आणि माणूस "मला सिगरेटशिवाय होतच नाही" म्हणून परत सुरू करतो. रात्री इसबगोल, उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, मग खाली एक फेरी, आणि चहा त्यानंतर. चहा आणि सिगरेटची जोडी तोडायची, चहा नाही तोडायचा.
पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, सारखी भूक. तीन-चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ हाताला काहीतरी काम द्या.
उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर सवय जड आहे. २ मि.ग्रॅ.चं गम मेडिकलमध्ये असंच मिळतं, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. बीपी आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचाराच. गोळ्याही असतात, पण त्या चिठ्ठीवरच. कधी फिट आलेली असेल तर ते आवर्जून सांगायचं, त्यातलं एक औषध अशांना चालत नाही.
१८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन, फुकट, नंबर पाकिटावरच छापलेला असतो. परळच्या टाटामधूनही ती चालते. पण फोनवर बाबा हवेत, तुम्ही बोलून उपयोग नाही. आणि आईंना सांगा, खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका.

विक्रोळीचा_विठू
शेवटच्या वाक्याला +१०००. मी सोडलेली असतानाही आमच्याकडे दारातच हुंगायचे. म्हटलं आरोप होणारच आहे तर ओढून घेतो.

रोखठोक_गिरगाव
बायकोवर ढकलू नका राव.

विक्रोळीचा_विठू
तुमचं पाकीट गॅलरीतून कोणाच्या डोक्यावर पडलं ते आधी सांगा.

शिवडीकर
गमबिम श्रीमंतांचे चोचले. माझी आजी जन्मभर मिश्री लावायची, ९० वर्षं जगली. बाबांना थोडी मिश्री द्या, हात आणि तोंड दोन्ही गुंतून राहील.

परळची_सिस्टर
मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट रोज बघते, कृपा करून हे सल्ले देऊ नका.

शिवडीकर
आजी ९० वर्षं जगली एवढंच म्हटलं.

गोरेगाव_पूर्व
कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. १८००-११-२३५६ या नंबरवर फोन करा, फुकट असतो.

इगतपुरी_रिटर्न
विपश्यना. दहा दिवस, फी नाही, शेवटी जमेल ते दान, म्हणजे बजेटातही बसतं. आत तंबाखू चालतच नाही.

भांडुपकरीण
बाबा दहा दिवस गप्प बसले तर आम्हीच पेढे वाटू.
@सौ_मंजिरी, गम आणलं होतं, पण बाबांना वरची कवळी आहे, त्याला चिकटतं.

परळची_सिस्टर
हे आधी लिहायचं ना! मग लॉझेंज बघा, चोखायची निकोटिनची गोळी. चावायची नाही, गिळायची नाही, या गालातून त्या गालात फिरवत राहायची. चहाचा नियम तोच. कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅचही असतो, पण आधी डॉक्टर.

सौ_मंजिरी
आमच्या ह्यांनाही दाढेला क्राउन आहे, काही चिकटलं नाही.

भांडुपकरीण
अपडेट. डॉक्टरांशी बोललो, लॉझेंज चालेल म्हणाले. बाबांशी सौदा झालाय. सकाळची एक राहील, बाकीच्या बंद, त्यांच्या जागी लॉझेंज. सकाळचीला गणपतीनंतर हात लावायचा. तुम्ही सगळे "एकदम सोडा", "सकाळची आधी तोडा" म्हणताय ते कळतंय, पण पोट बाबांचं आहे आणि हो म्हणणारेही तेच आहेत. फोन करायला तयार नाहीत. टपरीवर जाणारच म्हणतात, "चहा पिईन फक्त". आईने खिसे तपासणं बंद केलंय, म्हणजे मला तसं सांगितलंय.

रोखठोक_गिरगाव
लिहून ठेवा, ती सकाळची एकच बाकी सगळ्यांना बोलावून आणणार.

परळची_सिस्टर
मीही सकाळचीच आधी तोडली असती. पण बारावरून एक होत असेल तर करा. गणपतीनंतर म्हणजे नक्की कुठला वार, ते त्यांच्याच हाताने कॅलेंडरवर लिहून घ्या. आणि इसबगोल आत्तापासूनच सुरू करा.

पनवेलचा_पाहुणा
कर्जतचा नंबर हवा असल्यास व्यनि (खाजगी निरोप) करा.

मुलुंड_चेकनाका
त्या लॉझेंज तुम्हाला कुठे मिळाल्या? इकडे तीन मेडिकलवाल्यांनी खोकल्याच्या गोळ्या हातात ठेवल्या.