प्रतिसाद : एपी, आयबी आणि ड्युअल एनरोलमेंट

"क्रेडिट मिळण्याच्या दृष्टीने एपी काय नि आयबी काय, सारखंच" असं वर म्हटलंय, ते पटलं नाही. (एपी म्हणजे अमेरिकेतल्या शाळांत घेता येणारे कॉलेज पातळीचे विषय नि त्यांची परीक्षा; आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम; क्रेडिट म्हणजे शाळेतला असा अभ्यास पुढे कॉलेजच्या पदवीत मोजला जाणं.) कॅलिफोर्निया विद्यापीठाचंच बघा: एपीत ५ पैकी ३ गुण पुरतात, आयबीत मात्र हायर लेव्हलच्या विषयात ७ पैकी ५ लागतात. स्टँडर्ड लेव्हलच्या सुट्या विषयांना तिथे क्रेडिटच नाही. म्हणून कुठले तीन विषय हायरला घ्यायचे, हे अकरावीच्या आधीच नीट ठरवा.

चर्चेत ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजातले कोर्स करणं, राहूनच गेलं. स्वस्त आहे, राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत क्रेडिट बहुधा सहज चालतं. पण एपीचा गुण कमी आला तर तो न पाठवण्याची सोय असते. ड्युअलमध्ये कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) मिळालेली ग्रेड मात्र कायमची कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) बसते. पुढे मेडिकलला अर्ज करताना एएमसीएएसला (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचे अर्ज घेणाऱ्या सेवेला) शाळेत असताना घेतलेले कॉलेज कोर्सही दाखवावे लागतात आणि ते जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत आलेला सी तिथे पुन्हा समोर येतो. डॉक्टर व्हायचं डोक्यात असेल तर विज्ञानाचे विषय एपीतच ठेवलेले बरे. ड्युअलला इंग्रजी, इतिहास घ्या.