इंग्रजी वाक्प्रचार पाठ आहेत, तरी कॉलवर डोक्यावरून जातात

प्रश्न:
परदेशी टीमबरोबर रोज कॉल असतो. मेल व्यवस्थित लिहिता येतात, पण बोलण्यात मधेच एखादा वाक्प्रचार आला की गाडी अडते. परवा मॅनेजरांनी 'बॉलपार्क फिगर' मागितली. बाकीचे भराभर आकडे सांगू लागले आणि मला नेमकं काय हवंय तेच उमगेना. याद्या पाठ करतेय, ऐनवेळी एकही आठवत नाही. काय करावं?

उत्तर:
बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ अंदाज. शब्द बेसबॉलकडून आलाय. 'दहा-बारा दिवस लागतील' एवढं सांगितलं तरी भागतं.

याद्या आधी बाजूला ठेवा. मी नोकरी करणाऱ्यांना बोली इंग्रजी शिकवते. वाक्प्रचार कोण, कुणाला आणि कशानंतर म्हणालं, ते माझ्या वर्गात वहीत उतरवायचं असतं. अर्थ त्याखाली. 'लेट्स कॉल इट अ डे' कधी येतं? सगळे दमलेले, काम अर्धवट, तेव्हा. म्हणजे आज इथेच थांबू. 'प्ले इट बाय इअर' म्हणजे आत्ता काही ठरवायला नको, वेळ येईल तसं बघू.

'द बॉल इज इन युअर कोर्ट' ऐकलंत की मात्र कान टवकारा. पुढचं पाऊल तुम्ही उचलायचंय, समोरचा आता काही करणार नाही. हे निसटलं की दोन्हीकडचे एकमेकांच्या मेलची वाट बघत बसतात आणि काम तिथेच लोंबकळतं.

दुसरं उत्तर:
'लेट्स टेबल धिस'पासून जपा. ब्रिटिश माणूस म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा, अमेरिकन म्हणाला तर तूर्त बाजूला ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत याच शब्दावरून लांबलचक वाद झाला होता, चर्चिलनी तो आपल्या आठवणींत नोंदवलाय.

प्रश्नकर्ती:
हे माहीतच नव्हतं! मग मी स्वतः बोलताना वापरायला लागू का?

पहिलं उत्तर देणारी:
समजून सगळे घ्या, वापरा मोजके. सूर चुकला तर माणूस दुखावतो. 'अंडर द वेदर' सर्दी-तापासाठी ठीक. कुणी आयसीयूत असेल तर नको. 'किक्ड द बकेट' म्हणजे मरण पावणे हे खरं, पण ते थट्टेतलं बोलणं आहे. सांत्वनाच्या मेलमध्ये 'पास्ड अवे'च लिहा.

आणि 'टेबल' कानावर पडलं तर तिथल्या तिथे विचारून टाका: 'टुडे ऑर लेटर?' कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.