परीच्या धुराड्यांत: कॅपाडोकियाला जाऊन आलेल्यांनी लिहा

दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या तीन कुटुंबांनी तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाचे फोटो पाठवले. तिन्हींत तोच गरम हवेचा, माणसं घेऊन उडणारा फुगा, तोच सूर्योदय आणि तोच मागे लांबलचक उडणारा लाल झगा. (झगा भाड्याने मिळतो.) मी मागच्या एप्रिलमध्ये जाऊन आलेय आणि मला आकाशातल्यापेक्षा जमिनीवरचं आणि जमिनीखालचं जास्त आठवतं. तेव्हा जे जे जाऊन आलेत त्यांनी लिहा. अट एकच, फुग्यावर दोन वाक्यांहून जास्त नको. दगडाबद्दल लिहा. आत राहिलात का, खाली उतरलात का, डोकं कुठे आपटलं.

सुरुवात मीच करते. मुक्काम तिथल्या गोरेमे गावात होता, एका कुटुंबाने चालवलेल्या जुन्या घरात. खोलीच्या तीन भिंती डोंगर आणि चौथी बांधलेली. पहिल्या सकाळी उठले तर निळ्या स्वेटरच्या पाठीवर पिठासारखी पांढरी भुकटी. रात्री भिंतीला टेकून वाचत बसले होते, तेवढ्यात दगड अंगाला लागला होता! एर्जियेस, हसन या तिथल्या ज्वालामुखींनी लाखो वर्षांपूर्वी जी राख ओतली, तिचा हा दगड. आपल्याकडे लाव्हा थरावर थर पसरला आणि काळा कातळ झाला, तिथे राख थिजून टफ झाला. छिन्नीने चीज कापावं तसा कापला जातो आणि हवा लागली की वरून कडक होतो. काही ठिकाणी त्यावर बसाल्टची, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळाची, कडक टोपी बसलीय. बाजूचा मऊ भाग पावसापाण्याने झिजतो, टोपीखालचा वाचतो आणि सुळका उभा राहतो. तुर्कीत त्याला पेरी बाजासी म्हणतात. पेरी म्हणजे आपली परीच, आणि बाजा म्हणजे धुराडं.

माझ्या उशाशी भिंतीत एक कोनाडा होता, वर काजळी धरलेला, म्हणजे दिव्याचा. त्याच्याभोवती छिन्नीचे तिरके घाव, एकाखाली एक, प्रत्येकात माझं बोट बरोब्बर बसत होतं. शेजारी दुसरा कोनाडा, जरा वाकडा. घरमालकीण बाईंनी मुलाला मध्ये घालून सांगितलं की तो सासऱ्यांनी खोदला, सून आली तेव्हा भांडी वाढली म्हणून. फडताळ हवं तर भिंत कोरायची! बोरिवलीत मला कॅलेंडरचा खिळा ठोकायला ड्रिलवाल्याला दोन दिवस आधी फोन करावा लागतो.

चला, पुढे लिहा.

दादरहून

ताई, फुगे वगळून काय लिहायचं विचारता? कबुतरं! आमच्या गल्लीत कबुतर या विषयावर घराघरांत दोन तट आहेत. बाल्कनीला जाळी, जाळीला भोक, भोकातून कबुतर, आणि वर डॉक्टर सांगतात विष्ठेपासून लांब राहा. अशा माणसाला सहलीत पहिल्याच दिवशी कबुतरांची दरी दाखवायला नेलं. उचहिसारच्या त्या सुळक्यासारख्या किल्ल्यापासून गोरेमेकडे उतरते ती. कड्यात उंचावर शेकडो चौकोनी भोकं, काहींच्या भोवती पांढरा रंग आणि लाल नक्षी. हे सगळं कबुतरांसाठी माणसांनी कोरलेलं. आत बसायला खोबण्या, आणि वर्षातून एकदा दार फोडून विष्ठा गोळा करायची. ती द्राक्षमळ्याला खत म्हणून. त्या राखाडी जमिनीला तेच सोनं.

नंतर गोरेमेच्या खुल्या संग्रहालयात कारान्लिक किलिसे, म्हणजे अंधारं चर्च, पाहिलं. अकराव्या शतकातली भित्तिचित्रं. उजेड यायला खिडकी जवळपास नाहीच, म्हणून रंग असे की कालच सुकलेत. वेगळं तिकीट आहे, फोटो काढू देत नाहीत, पण ते चुकवू नका. आणि कळलं काय, तर मधल्या काळात याच चर्चचा कबुतरखाना झाला होता. नंतर विष्ठेचे थर खरवडून चित्रं बाहेर काढावी लागली. बायको म्हणाली, बघ, इथेही आलेच.

वाशी मार्केटमधून

माझा अनुभव जरा वेगळा. आम्ही दोन पिढ्या फळांचे व्यापारी. ग्रुप सगळा गालिच्याच्या दुकानात शिरला (दोन तास! सफरचंदाचा चहा पाजून पाजून विकतात) तेव्हा मी ड्रायव्हरदादाला खुणेने विचारलं, हे ट्रक कुठे चाललेत? ओर्ताहिसार नावाच्या गावाजवळ होतो आम्ही. डोंगराला लोखंडी दार, समोर लिंबाचे क्रेट. आत गेलो तर डोंगरात मोठमोठी दालनं, छतापर्यंत क्रेट रचलेले. लिंबं तिथली नाहीत, दक्षिणेकडून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरून येतात, डोंगरात महिनोन्‌महिने राहतात आणि भाव आला की बाहेर पडतात. बटाटेही असतात. आत उन्हाळा-हिवाळा जवळजवळ सारखाच गारवा, दगड ओल धरून ठेवतो म्हणून साल सुरकुतत नाही.

माझं कोल्ड स्टोरेजचं लाइटबिल मी इथे लिहीत नाही, घरचेही हे वाचतात. तिथल्या माणसाने लिंबू चिरून हातावर ठेवलं आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. रस भरपूर होता. भाषेची अडचण फार नाही, हिशेबाला हेसाप म्हणतात आणि दुकानाला द्युक्कान. एवढ्यावर धंदा होतो.

मुलुंडहून

तीन पहाटे चार वाजता उठवलं, तिन्ही वेळा वारा जास्त म्हणून उड्डाण रद्द. ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांनी पैसे परत द्यायला दोन महिने लावले. झाली दोन वाक्यं.

डोंबिवलीहून

देरिनकुयूबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? नावाचा अर्थच खोल विहीर. जमिनीखालचं गाव, साधारण ८५ मीटर खोल, म्हणजे आपल्या पंचवीसेक मजली टॉवरइतकं, पण खाली. १९६३ साली कोणीतरी घराचं काम काढलं, भिंत पाडली आणि मागे वाट निघाली. वरच्या मजल्यावर गोठे, कारण गुरं खोल नेता येत नाहीत. खाली कोठारं, द्राक्षं तुडवायची कुंडं, चर्च. वीस हजार माणसं मावत असावीत असा अंदाज सांगतात. शत्रू आला की सगळं गाव आत.

मी रोज ८.१२ची फास्ट पकडतो, त्यामुळे गर्दीत गुदमरण्याचा आपल्याला सराव आहे या तोऱ्यात उतरलो. तिसऱ्या मजल्यानंतरचा जिना असा की कंबरेत वाकून, एकामागे एक, वर जाणारे थांबल्याशिवाय खाली जाणारे हलू शकत नाहीत. मध्येच पुढचा ग्रुप अडला. मागून लोक येतच होते. आणि मला घाम. डोंबिवलीला दार तरी उघडं असतं हो!

तेवढ्यात हात एका थंड गोल गोष्टीवर पडला. जात्याची तळी असते ना, तशी, पण माझ्या खांद्याएवढी उंच, भिंतीतल्या खाचेत उभी. हेच त्यांचं दार. आतून लोटायचं, वाट बंद. मधोमध भोक, त्यातून पलीकडचा दिसतो किंवा त्याला भाला दिसतो. बाहेरून हलवायला काही धरायलाच नाही. मी त्याला धरून उभा राहिलो आणि शेजारच्या झरोक्यातून तोंडावर वारा आला. गार, चांगला वाहता वारा, इतक्या खाली. मग घाम थांबला. गुडघे, दमा, बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर वरूनच परत फिरा, लाज वाटून घेऊ नका.

चेंबूरहून

माझ्या सासूबाई कराचीच्या, सात वर्षांच्या असताना बोटीने मुंबईला आल्या. मुस्तफापाशा नावाच्या गावात आम्ही चहाला थांबलो होतो, त्याचं जुनं नाव सिनासोस. दगडी कोरीव चौकटींची देखणी घरं आणि दारांवर ग्रीक अक्षरं. गाइडने सांगितलं, १९२३ला तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये लोकांची अदलाबदल ठरली. धर्मावरून ठरवलं कोण कुठला. इकडचे ख्रिस्ती ग्रीसला गेले, त्यांतल्या कितीकांची घरात बोलायची भाषा तुर्कीच होती. सासूबाईंनी हे सगळं ऐकलं, चहाचा तो कमरेत बारीक असलेला पेला खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "चाव्या घेऊन गेले का?"

मालाडहून

एक सूचना. लव्ह व्हॅली नावाची दरी आहे, तिथले सुळके कसे दिसतात ते मी लिहू शकत नाही. आईबाबांना, विशेषतः काकांना घेऊन जाऊ नका. काका अर्धा तास भूगर्भशास्त्र विचारत होते.

परळहून

छातीच्या वॉर्डात नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. तुर्कस्तानला जायच्या आधीपासून कॅपाडोकियातली तीन गावं मला माहीत होती: कारायन, तुझक्योय आणि सारिहिदिर. तिथल्या दगडात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज आहे. त्याच दगडाची घरं आणि त्याचीच धूळ पिढ्यान्‌पिढ्या श्वासात. या गावांत मेसोथेलिओमाचे, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचे, इतके रुग्ण निघाले की जगभरचे डॉक्टर तिथे गेले. हा कॅन्सर आमच्याकडे यायचा तो बहुधा ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्यांना. इथे कारखाना नाही, नुसतं घर. लोकांना नव्या वस्तीत हलवायला लागलं.

बोरिवलीच्या ताईंनी स्वेटरवरच्या भुकटीचं लिहिलं म्हणून हे आठवलं. घाबरू नका, गोरेमे या गावांत नाही, आणि त्रास झाला तो जन्मभर राहणाऱ्यांना. पण मऊ दगड म्हणजे मायाळू दगड असं नसतं.

अंधेरीहून

मी गेलेलो नाही, पासपोर्टही नाही, तरी लिहितो. आमच्या खिडकीतून गिल्बर्ट हिल दिसते. बसाल्टच्या उभ्या खांबांची जुडी, ६१ मीटर उंच, सुमारे ६.६ कोटी वर्षं जुनी, वर गावदेवीचं देऊळ, चारी बाजूंना इमारती आणि झोपड्या टेकलेल्या. तिच्यासाठी झगा भाड्याने मिळत नाही. आणि कान्हेरी? शंभरावर लेणी, बसायला-झोपायला कोरलेले ओटे, दारापाशी पाण्याची टाकी. तिथल्या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वीपासून लोक डोंगरात राहतच होते की, बोरिवली स्टेशनपासून बसच्या अंतरावर.

(बोरिवली, पुन्हा मीच)

दादा, मान्य. परत आल्यावर पहिल्या पावसाळ्यात कान्हेरीला गेलेच. ओट्यावर आडवी झाले. एक कण कपड्याला लागला नाही. त्या कातळात एक कोनाडा कोरायला किती दिवस गेले असतील याचा अंदाज मला गोरेमेतली भिंत पाहिल्यावरच आला. तिथे सून आली म्हणून फडताळ, इथे एकेका टाक्यासाठी दाता शोधा आणि त्याचं नाव दगडात कोरून ठेवा.

गिरगावातून

आमच्या चाळीवर दोन वर्षांपूर्वी अतिधोकादायकचा बोर्ड लागला. वडील संक्रमण शिबिरात जायला तयार होईनात. मोठा भाऊ म्हणाला, बदल म्हणून कुठेतरी नेऊया, आणि वय ७८ असताना त्यांना आम्ही कॅपाडोकियाला नेलं.

झेल्वेला गेलो. तीन दऱ्या, कड्यात घरं, चर्च, मशीद, गिरणी. लोक इथे १९५२पर्यंत राहत होते. मग दगड कोसळू लागले, धोका वाढला आणि सरकारने सगळ्यांना जवळच वसवलेल्या नव्या गावात हलवलं. गाइडने हे सांगितल्यावर बाबा एकदम थांबले आणि विचारलं, "किती दिवसांची नोटीस होती?" गाइडला माहीत नव्हतं.

अर्धा कडा पडलाय तिथे. आतली खोली उघडी, चिरलेल्या नारळासारखी. शेगडीचा खड्डा, जात्याची जागा, कोनाडे, सगळं दिसतं. आमच्या चाळीची मागची बाजू पाडली तेव्हा पाटलांची मोरी अशीच रस्त्यावरून दिसत होती, निळ्या फरशीसकट. बाबा एका खालच्या घराशी गेले. दोरी लावलेली नव्हती, जायला परवानगी होती. उंबरठा दगडाचाच, पण मधोमध झिजून वाटीसारखा खोलगट झालेला. ते वाकले, त्यावरून हात फिरवला, चप्पल बाहेर काढली. मी म्हटलं, बाबा, खाली खडे आहेत. ऐकलं नाही. उंबरठ्यावर पाय न देता ओलांडून आत गेले.