पॉप-पंकवरनं हेवी साउंडकडे जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे चौघं, आमचा बँड आहे, आतापर्यंत फास्ट पॉप-पंकच (गुणगुणता येणाऱ्या चालींचं पंक रॉक) वाजवायचो, पण नवीन गाणी २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा उसगाव-सावर्डेकडच्या ट्रकवाल्या घरांचं काय झालं त्यावर आहेत आणि ती त्या उड्या मारणाऱ्या चालीत अजिबात बसत नाहीत. ब्लिंक-१८२ या अमेरिकन पॉप-पंक बँडनी २००३ च्या अल्बममध्ये टेम्पो उतरवला, द क्युअर बँडच्या रॉबर्ट स्मिथला गायला घेतलं, तरी कोरस गुणगुणता येतातच, मला नेमकं तेच हवंय.

अडचण अशी की गिटार ड्रॉप सी ट्यून केलं (सगळ्या तारा खाली उतरवून सगळ्यात जाड तार सी वर आणली) की ०९-४२ च्या बारीक तारा लोंबतात, जाड तार जोरात मारली की सूर वर सरकतो. ११-५४ च्या जाड तारा लावल्या तर नटची (नेकच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीची) खाच घासावी लागेल का? आणि पावसाळ्यात दमटपणानं गिटारची नेक हलतेच, मग सेटअप (नेक, तारांची उंची वगैरे जुळवणं) आत्ताच करू की चतुर्थीनंतर? मडगाव-म्हापशात हे नीट करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.

अजून एक, ड्रमर हाफ-टाइमवर गेला (टेम्पो तोच, पण ठेका निम्म्या वेगाचा वाटतो) की गाणं मरगळतं, मला वाटतं बेस गिटारनं एट्थ नोट्स (एका ठोक्याला दोन सुर) चालू ठेवाव्यात, तुमचा अनुभव काय?