मदत हवी आहे: हंगेरियन वहिनीचं नाव लग्नपत्रिकेत देवनागरीत कसं लिहावं?

माझ्या मोठ्या भावाचं लग्न एका हंगेरियन मुलीशी ठरलंय. लग्न साताऱ्याला, आपल्या पद्धतीने. पत्रिकेच्या मजकुराचं काम माझ्याकडे आहे आणि नेमकं वधूच्या नावापाशी घोडं अडलंय. रोमन लिपीत ते असं आहे: जी, वाय, डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ, एन, पुन्हा जी, वाय आणि शेवटी आय.

घरात कुणी ग्योंगी म्हणतं, कुणी गोंगी, कुणी जोंजी. तिने व्हिडिओ कॉलवर सावकाश म्हणून दाखवलं तेव्हा मला 'द्योन्द्यी' आणि 'ज्योंजी' यांच्या मधलं काहीतरी ऐकू आलं. 'ग'चा उच्चार त्यात कुठेच नाही, हे मात्र तिने स्पष्ट सांगितलं.

अर्थ तिच्याकडूनच कळला: मोती. हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, मग पत्रिकेत 'मौक्तिका' छापू, नाहीतरी लग्नात नाव बदलतातच. आत्याचं प्रेम कळतं, पण मला हे पटत नाही. दादालाही नाही. तिचे आईवडील एवढ्या लांबून येणार, त्यांनी हौसेने ठेवलेलं नाव मांडवात गुरुजींना आणि पाहुण्यांना नीट घेता यावं असं मला फार वाटतं.

तर 'द्य' लिहू की 'ज'? शेवटची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ? आणि ते लोक आडनाव आधी लिहितात, तर पत्रिकेत क्रम कोणता ठेवावा? पत्रिका लवकरच छापायला द्यायची आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

अभिनंदन! मी शिकायला बुडापेस्टला होते, म्हणून लिहिते.

त्यांच्या वर्णमालेत ४४ अक्षरं आहेत आणि जी-वाय ही जोडी मिळून त्यातलं एकच अक्षर होतं. आपण पुस्तकांत 'मग्यार' (म्हणजे हंगेरियन) वाचतो ना, त्यातही हेच अक्षर आहे. ते लोक म्हणतात साधारण 'मॉद्यॉर'. जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून मधला भाग टाळूला टेकवा आणि 'विद्या'तला 'द्य' म्हणून बघा.

दोन टिंबांचा स्वर आपल्याकडे नाही. ओठ 'ओ'सारखे गोल ठेवायचे आणि आतून 'ए' म्हणायचं. पुण्यात जर्मन शिकलेलं कुणी घरात असेल तर त्यांना 'श्योन' म्हणायला सांगा. तोच स्वर, फक्त वहिनींच्या नावात आखूड. ही टिंबं शोभेची नाहीत, त्यांच्याविना तो वेगळाच स्वर होतो. पत्रिका इंग्रजीतही काढणार असाल तर छापखान्याला बजावून सांगा. आणि बोलताना जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, म्हणजे 'द्योन्'वर.

'जोंजी' अजिबात नको. मराठी माणूस त्यातला पहिला ज 'जोडा'तला वाचेल आणि दुसरा 'जीवन'मधला. तिच्या नावात दोन्ही आवाज एकच आहेत. माझं मत 'द्योन्द्यी'. त्यांचा शेवटचा स्वर ऱ्हस्व असतो हे खरं, पण आपल्या लेखनात अन्त्य इकार दीर्घच लिहितात, तेव्हा दीर्घ द्या आणि बोलताना ओढू नका.

आडनाव आधी लिहिलं तरी काही बिघडत नाही, आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवरही तसंच असतं. पण दादाचं नाव ज्या क्रमाने छापाल त्याच क्रमाने तिचंही छापा.

अर्थाबद्दल थोडं: मूळ शब्दाचा अर्थ मोती आणि मणीही. तो हंगेरियनमध्ये जुन्या तुर्की भाषांतून आला. तिकडे प्रत्येक नावाचा एक दिवस असतो, त्या दिवशी फुलं देतात. तिचा २३ ऑक्टोबर. १९५६च्या सोव्हिएतविरोधी उठावाचा स्मृतिदिन म्हणून त्या दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टीही असते. आत्यांना सांगा, त्या दिवशी मोत्यांचं काहीतरी द्या.

धागाकर्ती

खूप आभार! ज चा मुद्दा आईला वाचून दाखवला, तिला लगेच पटला. 'द्योन्द्यी' नक्की करतेय. आत्याने २३ ऑक्टोबर कॅलेंडरवर लिहूनही ठेवलाय.

आता एकच. तिच्या वडिलांचं नाव म्हणजे हंगेरियन जॉर्ज: जी, वाय, तोच टिंबांचा ओ, आर, जी, वाय. वरच्या हिशेबाने 'द्योर्द्य' होतं. बरोबर आहे का?