६६ च्या मस्टँगला डिस्क ब्रेक: लावावेत की ड्रमच ठेवावेत?

नोव्हायकर
गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग कूपे. २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, चारही चाकांना १० इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, आतून लायनर दाबून तो थांबवतात), पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. मिशिगनमध्ये आल्यावर घेतलेली ही पहिली हौसेची गाडी, जिवापाड जपलेली.

गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ (डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची मिरवणूक) बघून परत येत होतो. दिवसभर रांगेत थांबत-थांबत गाडी चालवलेली. पुढच्याने अचानक ब्रेक मारला, मीही दाबला. गाडी थांबली, पण डावीकडे ओढून निम्मी शेजारच्या लेनमध्ये गेली. लेन रिकामी होती म्हणून वाचलो. शेजारी माझी लेक बसली होती. पुढच्या वर्षी तिला लायसन्स मिळेल आणि तिला हीच गाडी चालवायची आहे.

माझं मत ठरलंय. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटतात), मागचे ड्रम तसेच, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा), आणि बूस्टर नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगा. डिस्कचं किट मागवायच्या आधी ऐकून घ्यायचंय.

खोपोलीकर
पूर्ण असहमत. वडिलांचं गॅरेज बोरघाटाच्या पायथ्याशी होतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, आणि एक्सप्रेसवे नव्हता तेव्हा त्याच पद्मिन्या माणसं आणि सामान घेऊन रोज घाट उतरायच्या. लायनर जळल्याचा वास घेऊन आमच्या दारात यायचे ते ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे. दुसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्यांना कधी त्रास झाला नाही.

तुमची गाडी डावीकडे ओढली याचा अर्थ उजवा ब्रेक कमी लागला. हा डिझाइनचा दोष नाही, देखभालीचा आहे. ड्रममध्ये पहिला लायनर फिरणाऱ्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि दुसऱ्याला ढकलतो, म्हणून बूस्टरशिवाय एवढी जड गाडी थांबते. पण त्याचमुळे डाव्या-उजव्यात थोडा जरी फरक पडला तरी तो वाढून स्टिअरिंगवर जाणवतो.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. चाक लॉक करण्याची ताकद ड्रममध्ये आहे. एका जोरदार ब्रेकला गाडी किती अंतरात थांबणार हे टायरची पकड ठरवते. डिस्क लावून ते अंतर कमी होणार नाही.

आधी दोन्ही ड्रम काढा. लायनरवर खडू घासा, ड्रम परत चढवून हाताने फिरवा, ब्रेक हलका लावा आणि परत काढा. खडू कुठे पुसला गेला ते बघा. फक्त मधोमध पुसला असेल तर लायनर ड्रमला नीट बसतच नाहीये. व्हील सिलिंडरची (चाकाजवळचा, ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा) रबरी टोपी उचकटून आत बोट फिरवा. त्यानंतर किटचं बोला.

नोव्हायकर
दादा, पहिल्या ब्रेकचं तुमचं म्हणणं मान्य. माझी भीती पाचव्या-सहाव्या ब्रेकची आहे. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, पेडल खाली जातं. डिस्क तापली तर पॅडकडेच सरकते. पाण्यातून गेल्यावर डिस्क पाणी फेकून देते, ड्रममध्ये ते अडकून राहतं. ड्रम आज नीट जुळवले तरी पुढच्या पावसापर्यंत तसेच राहतील याची खात्री मला देता येत नाही, आणि लेकीला तर मुळीच नाही.

कॅमेरोताई
माझी १९६९ ची कॅमेरो आहे, पुढे डिस्क. डिस्कच्या बाजूने माझं मत आहे, पण "बूस्टर नाही" हे इतक्या सहज म्हणू नका. डिस्कला ती स्वतःहून ओढली जाण्याची मदत मिळत नाही, सगळा दाब पायाने द्यावा लागतो. माझी उंची पाच फूट. बूस्टर नव्हता तेव्हा प्रत्येक सिग्नलला सीटवरून पुढे सरकून दाबायचे, महिनाभरात गुडघा धरला. तुमची लेक चालवणार आहे ना? तिचा पाय लावून बघा, तुमचा नको.

पण बूस्टर मागवण्याआधी व्हॅक्यूम गेज लावा. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, त्याला सुमारे १८ इंच (पाऱ्याचे) लागतो. माझ्या इंजिनात आधीच्या मालकाने गरम कॅम (जास्त ताकदीसाठी व्हॉल्व जास्त उघडणारा) टाकलेला, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) जेमतेम ११ इंच मिळायचा. त्यामुळे नेमकं सिग्नलला पेडल दगडासारखं व्हायचं. शेवटी विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

नोव्हायकर
ताई, कॅम मूळचाच आहे, गेज लावून बघतो. बूस्टर नको म्हणण्यामागे पेडलचं गणित आहे. बिनबूस्टरच्या ब्रेकला पेडलचं गुणोत्तर (पायाचा जोर पेडल किती पट करतं ते) साधारण ६:१ लागतं, बूस्टरला ४:१ च्या आसपास. जुनं पेडल ठेवून नुसता बूस्टर टाकला की बोट लावताच गाडी जागेवर थांबते, आणि नवशिक्या पायाला तेही धोक्याचं. मास्टर सिलिंडर १ इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) घेतला तर पायाला जमेल असं वाटतं. पण लेकीचा पाय लावून बघायचं मला सुचलं नव्हतं, ते नक्की करतो.

चारपिस्टन
किट निवडताना चाक आधी बघा. फोर्डने १९६५ पासून मस्टँगला केल्सी-हेज कंपनीचे चार पिस्टनचे डिस्क पर्याय म्हणून दिले होते, त्याच धर्तीचे किट मिळतात. गाडी मूळ रूपात दिसावी असं वाटत असेल तर तेच घ्या. काही जण सत्तरच्या दशकातल्या फोर्ड ग्रॅनाडाचे स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्क टाकतात. ते दणकट आहेत, पण टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांडीचा) सांधा जुळवावा लागतो. तो नीट नसेल तर खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप वळतं. तुमची ड्रमची १४ इंची चाकं काही कॅलिपरला (पॅड धरणाऱ्या भागाला) घासतात. विक्रेत्याकडून पुठ्ठ्यावर काढायचा नमुना मागा, कापा, चाकाच्या आत फिरवून बघा. फुकटात होणारं काम आहे.

आणि ड्रमचा जुना मास्टर सिलिंडर डिस्कला जोडू नका. त्याच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व लाइनमध्ये दाब धरून ठेवतो, पॅड डिस्कला घासत राहतात. मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्वही (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) हवाच. नाहीतर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीची शेपूट फिरते.

नोव्हायकर
काल ड्रम काढले. खोपोलीकर दादा, उजव्या व्हील सिलिंडरचा एक पिस्टन गंजून जागच्या जागी बसला होता. टोपीखाली तपकिरी चिखल. ब्रेक ऑइल किती वर्षं बदललं नव्हतं ते मलाच आठवत नाही. डॉट ३ प्रकारचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं हे वाचलं होतं, आत काय होतं ते काल बोटाला लागलं.

खोपोलीकर
म्हणजे गाडी ओढली ती त्यामुळेच. दोन्ही पुढचे सिलिंडर बदला, लाइन धुवून नवं ऑइल भरा, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा. मग त्याच गाडीवर रिकाम्या पार्किंगमध्ये दहा वेळा ब्रेक मारा. त्यानंतरही डिस्क हवी वाटली तर माझी हरकत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे, आणि तो मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवा होता. ६६ च्या गाडीत मास्टर सिलिंडरला एकच कप्पा. एक रबरी पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ६७ च्या मॉडेलपासून दोन कप्पे आले. डिस्क असो वा ड्रम, लेकीच्या हातात किल्ली द्यायच्या आधी तेवढं बदला.

नोव्हायकर
मास्टर सिलिंडर आज मागवला. त्यातलाच घेतलाय ज्याचा पुढच्या ब्रेकचा व्हॉल्व काढून डिस्कलाही वापरता येतो. व्हील सिलिंडर शनिवारी बसवतो. पार्किंगमधल्या दहा ब्रेकला लेकच चालवेल, मी बाहेर उभा राहून कुठलं चाक आधी लॉक होतं ते बघेन. आकडे इथेच लिहितो.