मदत हवी आहे: समुद्राचा एकच फोटो, पण कुठे कापावा ते ठरत नाहीये

नमस्कार मंडळी,

चार दिवस एकाच फोटोशी झटापट चालली आहे. आता तो इतक्या वेळा बघून झालाय की चांगला-वाईट काहीच कळेनासं झालंय. मोबाईलवर बारीक दिसेल म्हणून शब्दांतही सांगते.

क्षितिज बरोब्बर मधोमध. सूर्य बुडून दहाएक मिनिटं झालेली, त्यामुळे क्षितिजालगत तांबूस पट्टा आणि वर नुसतं राखाडी-निळं आभाळ. खाली डावीकडे शेवाळलेला काळा खडक. लाट परतताना त्याच्याभोवती फेसाची जाळी तयार झालीये, आणि तिचं एक लांब शेपूट पार कोपऱ्यापर्यंत गेलंय. मधे ओल्या वाळूचा आरसा, त्यात आभाळाचा रंग उतरलेला. आणि उजवीकडे, क्षितिजाला टेकून, एक होडी. इवलीशी म्हणजे खरंच इवलीशी: ६००० पिक्सेल रुंदीत जेमतेम ९०.

तिथे उभी होते तेव्हा मला हे सगळंच हवं होतं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर एक ना धड, भाराभर चिंध्या.

शिवाय फोटो डावीकडे दीड अंश कललाय. (एका पायावर उभी होते, दुसऱ्या पायातली चप्पल लाट घेऊन चालली होती.) दीड अंश ऐकायला किरकोळ, पण ६००० पिक्सेलच्या दोन टोकांत दीडशेवर पिक्सेलचा फरक पडतो आणि समुद्र डावीकडून सांडेल असं वाटतं. सरळ केला की ६००० × ४००० चे साधारण ५७७५ × ३८५० उरतात, आणि त्यात नेमकं फेसाचं शेपूट जातं.

आतापर्यंतचे उद्योग: उभा ४:५ कापला, खडक झकास आला, पण असा खडक कुठेही मिळेल. ३:१ ची लांब पट्टी केली तर खडकाचा नुसता माथा राहिला, कुणी पाण्यात बुडतंय असा. होडीभोवती १५०० पिक्सेलचा चौकोन घेतला. छान एकटा वाटतो, पण ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापला तर ५ इंच! मला भिंतीवर लावायचाय.

रंगांचंही तेच. आभाळाचा मास्क करून (म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून) तांबूसपणा वाढवला, तर आभाळ पेटलं आणि खालची वाळू थंडगार. क्षितिजावर खडूने आखल्यासारखी पांढरी रेघही आली. फाईल रॉ आहे, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची. काय करू? आणि होडी पुसून टाकणं ही लबाडी होईल का?

प्रतिसाद १

होडी उडवा. ९० पिक्सेलसाठी अख्खा फोटो ओलीस धरलाय तुम्ही.

प्रतिसाद २

पुसायची घाई नको. होडी अंगठ्याने झाकून बघा, मग ठरवा.

तुमच्या तिन्ही प्रयत्नांत आभाळाकडे कुणी बघितलेलंच नाही. वरच्या राखाडी भागात ना ढग ना पक्षी, मग तो एवढा कशाला? सरळ केल्यावर आभाळ निम्मं कापा, बाकी कशालाही हात लावू नका. ५७७५ × २८८७ उरेल, म्हणजे २:१. क्षितिज आपोआप वरच्या तिसऱ्या हिश्शावर येतं, आणि खालच्या कोपऱ्यातल्या खडकापासून वरच्या होडीपर्यंत ओल्या वाळूवरून नजर तिरकी जाते. स्क्रीनवर जमत नसेल तर एक छोटी प्रिंट काढा आणि पुठ्ठ्याचे दोन एल आकाराचे तुकडे तिच्यावर सरकवत बसा. माउसपेक्षा हाताला लवकर कळतं.

लेन्स वाइड (रुंद दृश्य टिपणारी) असेल तर क्षितिज सरळ करण्याआधी लेन्स करेक्शन (लेन्समुळे वाकलेल्या रेघा सरळ करणारं सेटिंग) लावा. नाहीतर मधे फुगलेली रेघ कितीही फिरवली तरी सरळ दिसत नाही.

रंग: ओली वाळू आरसा आहे हे तुम्हीच लिहिलंय, मग आभाळाला दिलं ते वाळूलाही द्यायला हवं, फक्त थोडं कमी आणि थोडं गडद, कारण प्रतिबिंब आभाळापेक्षा गडदच असतं. ती पांढरी रेघ मास्कची कड आणि क्लॅरिटी (कडा ठळक करणारं सेटिंग) यांच्या भांडणातून येते. आभाळ नेमकं कोरून काढू नका. वरून खाली विरत जाणारा साधा ग्रेडियंट ओढा, क्षितिजाच्या थोडा खालीपर्यंत. आणि फेस तपासा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल जळाले, म्हणजे पार पांढरे झाले असतील, तर हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली ओढून पांढऱ्याचा मळकट राखाडी होईल, तपशील येणार नाही.

प्रतिसाद ३

लबाडीचं म्हणाल तर १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या, कोलोडियन नावाचं रसायन लावलेल्या काचांवर निळा रंग फार पटकन उठायचा, म्हणून समुद्र नीट येईपर्यंत आभाळ जळून जायचं. त्याने काही फोटोंत आभाळाची एक आणि समुद्राची दुसरी निगेटिव्ह घेऊन एका कागदावर छापली. तुम्ही तर नुसतं कापताय.

धागाकर्ती

झाकून पाहिली होडी. वाळूवरून नजर वर जाते आणि तिथे काहीच नसतं, रिकाम्या स्टँडवर बसची वाट बघत बसल्यासारखं. होडी राहतेय. प्रतिसाद १ वाल्यांनी रागावू नये.

आभाळ निम्मं कापलं. लेन्स करेक्शन आधी लावून कल पुन्हा नीट मोजला, तर दीड नव्हे, सव्वा अंशच निघाला, त्यामुळे शेपटाचा थोडा तुकडा परत मिळाला. वाळूला आभाळाच्या निम्मा तांबूसपणा दिलाय. रेघ गेली. फेसात नखाएवढ्या दोन जागा जळालेल्या आहेत, त्या तशाच ठेवल्यात.

३०० पीपीआयला १९ इंचांवर रुंदी येतेय. मॅट कागद घेऊ की चकचकीत? खडकाचा काळा मॅटवर फिका पडेल अशी धास्ती वाटतेय.